‘प्रेशर नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

करंजाड्यात ‘प्रेशर नाही’ ही तक्रार दिवसातून दोनदा तरी कानावर येते. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘आज पाण्याला प्रेशर नाही.’ दुपारच्या उन्हात ट्रेलर कडेला लावून एखादा ड्रायव्हर खाली उतरतो आणि खांदा चोळत म्हणतो, ‘मिस्त्री, स्टेअरिंगला प्रेशर नाही.’ मधल्या वेळात दवाखान्यात गेलात तर तिथे उलटा प्रकार, तिथे प्रेशर जास्त झालेलं असतं. दवाखान्याचं डॉक्टर बघतील. पहिल्या दोन ठिकाणी मात्र जे कमी पडलेलं असतं ते बहुतेक वेळा प्रेशर नसतंच. एवढी एक गोष्ट नीट सांगता यावी म्हणून ही पुस्तिका लिहिली.

पुस्तिका इथेच का लिहिली गेली, तेही सांगतो. पनवेलला लागून सिडकोने वसवलेली ही वसाहत. एका अंगाला गाढी नदी आणि जुनं पनवेल, दुसरीकडे नवा विमानतळ. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि पळस्पे फाट्यापासून बंदरापर्यंतचा रस्ता कंटेनरांनी भरून गेला. कळंबोलीला लोखंडाचा बाजार, तिथून पत्र्याची भेंडोळी आणि सळया घेऊन निघणाऱ्या गाड्या. हायवेवर सरळ पळणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगला फारसे कष्ट नसतात. यार्डात उभ्या उभ्या चाकं वळवणं, अरुंद गेटातून चाळीस फुटी डबा मागे घेणं, वजनकाट्यावर पुढे-मागे करणं, पुढच्या एक्सलवर सहा-सात टन भार असताना हे सगळं दिवसभर करणं, यात स्टेअरिंगचा पंप खरा झिजतो. त्यामुळे जड स्टेअरिंगचे जितके नमुने या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात बघायला मिळतात तितके मला दुसरीकडे कुठे मिळाले नसते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण पुस्तिकेचं बी तिथेच पडलं.

बीडकडचा एक ड्रायव्हर कॉइलने भरलेला ट्रेलर घेऊन आला. वयाने माझ्यापेक्षा मोठा, बोलायला मोजका. म्हणाला, ‘मिस्त्री, हळू फिरवलं तर लोण्यासारखं फिरतंय. झटक्यात फिरवायला गेलं की मधेच भिंत लागती.’ त्याने दोन वाक्यांत अख्खा रोग सांगितला होता. मला तो ऐकू आला नाही. मी पंपाच्या पुढच्या लाइनला दाबाचं घड्याळ लावलं, घड्याळापुढची चावी क्षणभर बंद केली, काटा दीडशे बारवर गेला. प्रेशर ठणठणीत. म्हणजे पंप चांगला, दोष स्टेअरिंग बॉक्सचा! बॉक्स उतरवला, सील किट बदललं, दोन दिवस गेले. गाडी बाहेर काढली, भिंत जागच्या जागी. मग मी आणखी शहाणपणा केला. जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली दोन वायसर घातले, म्हणजे प्रेशर वाढेल आणि भिंत फुटेल. प्रेशर वाढलं खरं. तिसऱ्या दिवशी बॉक्सचं नवं कोरं सील फाटलं आणि सगळं तेल रस्त्यावर.

कळंबोलीत एक बुजुर्ग मिस्त्री होते, ज्यांना आम्ही सगळे ‘मामा’ म्हणायचो. त्यांच्याकडे तोंड पाडून गेलो. त्यांनी गाडी बघितलीसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला, ‘रेस दिल्यावर हलकं होतं का?’ म्हटलं, होतं. ‘मग प्रेशरचा काय संबंध? रिलीफ काय रेसवर चालतो का? अरे, पंप तेल देतो. दाब टायर मागतो.’ आणि चहा सांगितला.

घरी येऊन रात्रभर त्या वाक्याचा विचार केला. रिलीफ व्हॉल्व्हचा आकडा स्प्रिंगवर ठरतो. इंजिन सहाशेवर फिरो की दोन हजारांवर, स्प्रिंगला त्याची खबर नसते. इंजिन जोरात फिरवल्याने ज्या गोष्टीत फरक पडतो ती गोष्ट दाब असूच शकत नाही. रेसबरोबर वाढतं ते पंपातून दर मिनिटाला बाहेर पडणारं तेल.

या दुसऱ्या गोष्टीला आमच्या गॅरेजात नावच नव्हतं, घोळ तिथे होता. पुस्तकात दाब आणि प्रवाह असे दोन सरळ शब्द आहेत. आयटीआयच्या वहीत दोन्ही लिहिलेले असतात, परीक्षेत दोन्हीवर गुण मिळतात, आणि गॅरेजच्या शटरखालून आत शिरताना ‘प्रवाह’ बाहेरच राहतो. आत एकटं ‘प्रेशर’. ज्याला नाव नाही त्याच्याकडे बोट कसं दाखवणार? ‘प्रवाह’ हा शब्द मी मिस्त्री मंडळींपुढे वापरून बघितला. नदीचं निबंधवाचन चाललंय असं सगळ्यांना वाटलं. शेवटी शब्द सापडला तो शेतात. विहिरीवरच्या मोटारीबद्दल आपल्याकडे कुणीही विचारतो, ‘पाणी किती फेकते?’ बोअरला ‘दोन इंची पाणी लागलं’ असं सांगतात, तेव्हाही मिनिटाला किती पाणी निघतं तेच सांगायचं असतं. म्हणून या पुस्तिकेत सगळीकडे मी ‘फेक’ हा शब्द वापरला आहे. पंपाची फेक म्हणजे मिनिटाला इतके लिटर. व्याकरणवाले नाक मुरडतील, ड्रायव्हरला मात्र पहिल्या झटक्यात कळतं.

आता थोडं थांबून बोलायला हवं, कारण पुढचा भाग समजला तर बाकीची पुस्तिका नुसती चाळली तरी चालेल.

आपल्या डोक्यात प्रेशरचं जे चित्र आहे ते टाकीवरून आलेलं आहे. सात मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी घ्या. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब होतो. टाकी तळमजल्याच्या नळापेक्षा चोवीस मीटर वर असेल तर नळाशी दोन बारच्या थोडा वर दाब. शेजारी शेजारी दोन सारख्याच उंचीच्या इमारती आहेत असं धरा. एकीचे पाइप नवे, दुसरीचे आतून गंजून अर्धे बुजलेले. दोन्हीकडे तळमजल्यावर नळ बंद करून घड्याळ लावलं तर काटा एकाच आकड्यावर जाईल. नळ उघडून बादली लावली तर एकीकडे मिनिटात भरेल, दुसरीकडे चार मिनिटांनी. बंद नळावर लावलेलं घड्याळ टाकीची उंची सांगतं, पाइपाची तब्येत सांगत नाही. बीडच्या गाडीवर चावी बंद करून मी जे दीडशे बार वाचले ते असंच बंद नळावरचं वाचन होतं.

इथपर्यंत टाकीचं उदाहरण कामाला येतं, इथून पुढे तेच फसवतं. टाकीत दाब आधीपासून असतो आणि किती वाहील ते पाइप ठरवतो. स्टेअरिंगच्या पंपात नेमकं उलटं आहे. तो दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, बाकी त्याला काही येत नाही. त्याच्या पोटात दाब साठवलेला नसतो. पुढे कुणी अडवलंच नाही तर तेल फिरून पुन्हा तेलाच्या डब्यात येतं आणि घड्याळ जेमतेम पाच-सात बार दाखवतं. गाडी सरळ चालली असताना अगदी असंच होत असतं. चाकं वळायला नकार देतात, बॉक्समधला व्हॉल्व्ह परतीची वाट बंद करत आणतो, तेलाला पिस्टन ढकलल्याशिवाय सुटका नसते, तेव्हा दाब चढतो. टायरला हवा कमी असेल तर जास्त चढेल. किंगपिन सुकली असेल तर आणखी. रस्ता ओला असेल तर कमी. मामांच्या ‘दाब टायर मागतो’ या शब्दांत हे सगळं आलं.

ट्रकवाल्याची फसगत दुहेरी आहे, आणि ती मला फार उशिरा उमगली. त्याच्याच गाडीत हवेचा ब्रेक असतो. कॉम्प्रेसर टाकी भरतो, डॅशबोर्डवरचा काटा सात-आठ बारवर जातो, मग गाडी हलवायची. इंजिन बंद पडलं तरी टाकीत चार-सहा ब्रेकांपुरती हवा शिल्लक असते. प्रेशर ‘बनतं’, प्रेशर ‘साठतं’, प्रेशर ‘उतरतं’ ही ड्रायव्हरची सगळी भाषा त्या टाकीची आहे, आणि ब्रेकपुरती ती बरोबरही आहे. तीच भाषा तो स्टेअरिंगला लावतो. तिथे टाकी नाही. तेलाचा डबा आहे, पण त्यात दाब नसतो, नुसतं तेल. इंजिन बंद झालं त्या क्षणी फेक शून्य, आणि फेक शून्य तर दाबही शून्य. उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शेतकऱ्याच्या मोटारीचंही तेच. किर्लोस्करवाडीच्या पंपांपासून आपल्या गावोगाव ‘हेड’ आणि ‘डिस्चार्ज’ हे शब्द पोचलेले आहेत; पाणी जितकं उंच चढवाल तितकं कमी निघेल हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण तो पंखा फिरवणारा पंप. त्याचा बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर पंखा आतल्या आत पाणी घुसळत बसतो, लगेच काही फुटत नाही. स्टेअरिंगचा पात्यांचा पंप इतका सोशिक नाही. त्याच्या पुढची वाट बंद केली आणि रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला असला, तर होज, सील किंवा पंपाचा शाफ्ट यांपैकी काहीतरी जाणारच. त्याला तेल पुढे द्यायचंच असतं.

पात्यांच्या पंपाची घडण पहिल्या प्रकरणात आकृतीसह दिली आहे. इथे एवढंच सांगतो, की फिरत्या गोळ्याच्या खाचांत पोलादी पात्या बसवलेल्या असतात आणि त्या बाहेरच्या अंडाकार कड्याला घासत तेल पुढे नेतात. इंजिनाचे फेरे तिप्पट झाले की फेकही तिप्पट व्हायला बघते. हायवेवर सुसाट धावताना एवढ्या तेलाची गरज नसते, उलट स्टेअरिंग घाबरवण्याइतकं हलकं होईल. म्हणून पंपातच एक सरकता व्हॉल्व्ह असतो, जो जास्तीचं तेल आतल्या आत परत फिरवतो. त्याच व्हॉल्व्हच्या पोटात बहुधा रिलीफची गोळी आणि स्प्रिंग असते. अंगठ्याएवढ्या एकाच तुकड्यात फेकीची मर्यादाही सांभाळलेली आणि दाबाचीही. दोन्हीला एकच नाव पडलं यात मिस्त्री मंडळींचा तरी किती दोष!

आकड्यांनी बघू. ट्रकच्या स्टेअरिंग बॉक्समधला पिस्टन दहा सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौरस सेंटिमीटर. दीडशे बार दाबाला त्यावर साधारण बारा टन जोर येतो. तो दाबाचा हिशोब झाला, फेकीचा अजून शब्दही काढलेला नाही. मिनिटाला 16 लिटर फेक असेल तर तो पिस्टन सेकंदाला जवळपास 3.4 सेंटिमीटर सरकतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 11 सेंटिमीटर जायचं तर सव्वातीन सेकंद. फेक 8 लिटरवर आली की साडेसहा सेकंद. जोर तेवढाच राहतो, बारा टनच, पण पोचायला दुप्पट वेळ लागतो. ड्रायव्हर मात्र जुन्या सवयीने फिरवतो. सेकंदाला एक फेरा मारला तर पाच फेऱ्यांच्या स्टेअरिंगला पाच सेकंदांत टोक गाठायचं असतं, तेल साडेसहा सेकंद मागतं. हात तेलाच्या पुढे निघून जातो. त्या क्षणी पिस्टनमागे तेल पोचलेलं नसतं आणि उरलेलं काम मनगटावर पडतं. त्या बीडच्या माणसाने ‘भिंत’ म्हटलं ती हीच. हळू फिरवलं तर लोणी, कारण तेलाला पोचायला सवड मिळते.

मग घड्याळाने दीडशे कसे दाखवले? पंप झिजलेला होता. नवा असताना आयडलला 14 लिटर देणारा पंप धरा. पात्यांच्या कडेने आणि बाजूच्या तबकड्यांवरून त्यातलं काही तेल मागे गळतं. दाब वाढला की गळती वाढते, तेल तापून पातळ झालं की आणखी वाढते. गरम तेल आणि दीडशे बार असताना 6 लिटर मागे गळत असेल, तर पुढे 8 उरतात. चावी बंद केल्यावर त्या आठांनी दीडशे बार गाठायला काहीच अडचण नाही. गाठतात आणि रिलीफमधून निघून जातात. काट्याला आठ आणि चौदामधला फरक दिसत नाही. म्हणून या पुस्तिकेत फेक मोजण्याच्या साधनाला दाबाच्या घड्याळाइतकीच जागा दिली आहे. ते महाग असतं आणि बहुतेकांकडे नसतं. नसेल तर निदान मामांचा प्रश्न फुकट आहे.

उलटा रोगही असतो. फेक पुरेपूर, दाब चढत नाही. रिलीफच्या गोळीखाली कचरा बसलेला, किंवा स्प्रिंग दमलेली, किंवा बॉक्समधलं पिस्टनचं सील गेलेलं, त्यामुळे तेल एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळून जातं. अशा गाडीत रेस देऊन फारसा फायदा होत नाही, उभ्या गाडीत वळवताना ती हट्टाला पेटते, चालू लागली की निमूट वळते. पंप की बॉक्स, हे ठरवायला मात्र घड्याळच हवं. चावी बंद केल्यावर दाब चढला आणि चावी उघडी ठेवून स्टेअरिंग लॉकला, म्हणजे पार टोकाला, नेल्यावर चढला नाही, तर तेल बॉक्समध्ये पळतंय. चावी बंद ठेवायची ती फार तर पाच सेकंद. आणि गळती शोधायला होजवरून हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. सुईएवढ्या भोकातून इतक्या दाबाने निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. असं झालं तर घरी हळद लावत बसू नये, तडक इस्पितळ गाठावं.

दाब आणि फेक यांचा गुणाकार केला की ताकद मिळते. बारमधला दाब गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले 600, उत्तर किलोवॅटमध्ये. सरळ रस्त्यावर पाच बार आणि 16 लिटर, म्हणजे 0.13 किलोवॅट, एका चांगल्या बल्बापुरती. पूर्ण लॉकला नेऊन धरून ठेवलं तर दीडशे बार आणि 16 लिटर, म्हणजे 4 किलोवॅट. पिस्टन तर टोकाला टेकलेला, पुढे सरकणार नाही. मग ही ताकद जाते कुठे? सगळी तेल तापवण्यात. बाथरूममधले दोन गिझर मिळून जेवढी उष्णता देतात तेवढी चार लिटर तेलात ओतली जाते. कागदावरच्या हिशोबाने मिनिटभरात तीसएक अंशांनी तेल तापावं. लॉकला धरून ठेवलेल्या स्टेअरिंगचा तो ‘कुईं’ आवाज तुम्ही ऐकला असेल. ट्रकच्या बॉक्समध्ये लॉकच्या जरा आधी दाब उतरवणाऱ्या झडपा दिलेल्या असतात, त्या कुणीतरी कधीतरी काढून फेकलेल्याही मी पाहिल्या आहेत.

या गुणाकाराचं सगळ्यात भव्य प्रात्यक्षिक पनवेलपासून फार लांब नाही. पुण्याच्या दिशेने निघालात की खोपोलीला डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप दिसतात. टाटांचं हे वीजकेंद्र 1915 साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली येतं, म्हणजे तळाशी पन्नास बारच्या घरात दाब. डोंगराएवढ्या उंचीने जो दाब मिळतो त्याच्या तिपटीपर्यंतचा दाब तुमच्या ट्रकच्या इंजिनाला चिकटलेला नारळाएवढा पंप देतो. मग त्या पंपावर शहर का चालत नाही? कारण तिथे पाण्याचा लोंढा असतो आणि इथे मिनिटाला एका बादलीएवढं तेल. पोरांना घेऊन घाटात जाणाऱ्यांनी वाटेत गाडी थांबवून हे दाखवावं; वडापाव खाता खाता होण्यासारखं आहे.

इतिहासावर एक प्रकरण आहे, ते लहान ठेवलं आहे. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो हे सतराव्या शतकात पास्कलने मांडलं, त्यावर 1795 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने दाबयंत्राचं पेटंट घेतलं. मोटारीच्या स्टेअरिंगला हे लावण्याचं काम मात्र अमेरिकेच्या फ्रान्सिस डेव्हिसचं. हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे होणारे हाल त्याने जवळून पाहिले होते. नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्सच्या वॉलथॅम गावात तो प्रयोग करत बसला. त्याची खरी सूचना दाबाबद्दल नव्हतीच, फेकीबद्दल होती: व्हॉल्व्ह बंद ठेवून दाब साठवायचा नाही, तो मधोमध उघडा ठेवायचा, तेल सतत फिरतं राहू द्यायचं, आणि गरज पडेल तेवढाच अडथळा आणायचा. 1926 साली त्याने चालती गाडी दाखवली. जनरल मोटर्सने करार केला आणि खर्च परवडत नाही म्हणून 1934 मध्ये सोडून दिला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या जड गाड्यांनी ही गोष्ट वापरात आणली, आणि 1951 मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल मोटारीत ती ग्राहकाला विकत मिळू लागली. ट्रक ड्रायव्हरच्या खांद्यासाठी लावलेला शोध आधी श्रीमंतांच्या मोटारीत पोचला. आपल्याकडच्या जुन्या एसटीची ती परातीएवढी स्टेअरिंगची चाकं आठवा. व्यास मोठा, कारण जोर लावायला दुसरा उपाय नव्हता. ‘गाडी हलल्याशिवाय चाक वळवू नको’ हा त्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे, पॉवर असली तरी.

महाराष्ट्रात या यंत्राचं गाव म्हणावं असं एक ठिकाण आहे, पुणे जिल्ह्यातलं वढू बुद्रुक. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते नाव प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतं. 1981 साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टेअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीचा कारखाना तिथेच आहे आणि देशातल्या कितीतरी ट्रक-बसांचे स्टेअरिंग बॉक्स तिथून निघालेले आहेत. ज्या वस्तू आपल्याच मातीत इतकी वर्षं घडतात त्यांच्या दुरुस्तीची भाषा आपल्याकडे धड नसावी, याची मला खंत वाटते. पुस्तिका मराठीत लिहिण्याचं हेही एक कारण. ‘हिंदीत लिहा, जास्त खपेल’ असा सल्ला मिळाला होता, आणि कळंबोलीचं गॅरेज अर्धं हिंदीत चालतं हेही खरं. पण माझ्याकडे शिकायला येणारी पोरं बीड, नांदेड, सांगली, इकडची आगरी-कोळी. त्यांना घरच्या शब्दात सांगितलेलं लवकर पचतं.

‘आता सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या, ही विद्या मरणार’ असं तरुण मंडळी म्हणतात. छोट्या मोटारींपुरतं ते झालेलंच आहे. बंदरातून निघणाऱ्या गाड्या, बस, जेसीबी, ट्रॅक्टर यांच्या पोटात मात्र अजून तेलच फिरतंय. ट्रॅक्टरची जात थोडी वेगळी आहे, तिथे चाकाला आणि स्टेअरिंगला जोडणारा दांडाच नसतो. त्याला या पुस्तिकेत हात घातलेला नाही.

तेलाबद्दल मी जरा कडक लिहिलं आहे, रागावू नका. डब्यात तेल कमी दिसलं म्हणून हाताला लागेल ते ओतण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ब्रेक ऑइल ओतलं की रबरी सील फुगतात आणि खलास होतात. इंजिन ऑइलने लगेच मरण येत नाही, पण थंडीच्या पहाटे जाड तेल पंपाला ओढवत नाही, पोकळी पडते, फेस येतो. फेसाला दाबता येतं आणि तेलाला येत नाही, म्हणून हवा शिरलेलं स्टेअरिंग स्पंजासारखं लागतं. डब्यातली जाळी बुजली किंवा पंपाकडे जाणाऱ्या जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सुटलं तरी तेच. बाहेरून पाइप झकास दिसतो. अशा वेळी पंप बदलून काही होत नाही. नवा पंपसुद्धा उपाशीच राहतो.

शेवटी ऋण. आकृत्या माझ्या भाचीने काढल्या आहेत. तिने आयुष्यात पंप पाहिला नव्हता, म्हणून तिने विचारलेल्या प्रश्नांनी दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. मामा आता नाहीत. हस्तलिखित त्यांना दाखवायचं राहून गेलं, पण दाखवलं असतं तरी त्यांनी वाचलं नसतं, चहा सांगितला असता. बीडचे ते ड्रायव्हर पुढे दोन-तीन वेळा आले. पंप बदलून दिला तेव्हा मी बॉक्सच्या फुकट गेलेल्या कामाचे पैसे परत करायला गेलो, तर त्यांनी अर्धेच घेतले आणि म्हणाले, ‘अर्धं तुमच्या शिकवणीचं.’ मुखपृष्ठावर जे दोन वायसर छापले आहेत ते त्याच रिलीफ व्हॉल्व्हमधून काढलेले. ते माझ्या टेबलावर असतात, वीजबिलं उडू नयेत म्हणून.

करंजाडे, पनवेल